सहीखालची सही

त्या घरात पाऊल टाकणाऱ्याच्या कानावर पहिला शब्द पडायचा तो ‘या’ नव्हे, ‘बसा’ नव्हे, तर ‘हात!’

दारातून आत शिरलं की डाव्या अंगाला बेसिन होतं आणि बेसिनच्या शेजारी एक बाई. बुटक्या, रुंद, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज असा की कोपऱ्यावरच्या दुकानदारानंही दचकून हात धुवावेत. कोपरापर्यंत साबण लावायचा, नखांच्या आत बोट फिरवायचं, मग दोन्ही तळवे बाईंसमोर धरायचे. त्यांची मान हलली तरच पुढे. एकदा संस्थेचे अध्यक्ष आले. म्हणाले, “अहो, मी आत्ताच गाडीत सॅनिटायझर लावलंय.” बाई म्हणाल्या, “मग गाडीतच बसा.” अध्यक्षांनी मुकाट्यानं हात धुतले, आणि तेव्हापासून बाईंचं नाव पडलं हवालदारबाई. तोंडावर सगळे मावशी म्हणत, पाठ वळली की हवालदारबाई. त्यांना हे माहीत नव्हतं असं समजू नका. त्यांना सगळं माहीत असायचं.

आता तुम्ही म्हणाल, हातांचं एवढं काय? तर ते घर साधं नव्हतं. कॅन्सर झालेल्या मुलांच्या मोठ्या इस्पितळाजवळ, चालत जाता येईल अशा अंतरावर, एका संस्थेनं ते चालवलेलं. लांबलांबून आलेली कुटुंबं तिथं राहायची. प्रत्येकाला एक खोली, सामायिक स्वयंपाकघरात एक शेगडी, इस्पितळात न्यायला-आणायला गाडी, आणि कशाचाही एक पैसा नाही. औषधांनी त्या मुलांच्या रक्तातल्या पेशी पार तळाला जायच्या. ‘काउंट पडले’ म्हणायच्या तिथल्या आया, आपण ‘पाऊस पडला’ म्हणतो तितक्या सहज. काउंट पडलेल्या पोराला तुमची-माझी साधी शिंकसुद्धा जड जाते. तेव्हा हवालदारबाई उगाच नव्हत्या दारात उभ्या.

एक गृहस्थ आपल्या मुलाचा वाढदिवस ‘या मुलांसोबत’ साजरा करायला आले होते. तीन मजली केक, फुगे आणि हो, फोटो काढणारासुद्धा बरोबर. बाईंनी त्यांना पायरीवरच अडवलं. “मुलाचा वाढदिवस ना? मग त्याच्या मित्रांना बोलवा. इथली पोरं काय देखाव्याला ठेवलीत?” गृहस्थ खजील झाले आणि खजील होता होता खोकले. झालं! बाई दोन पावलं मागे सरल्या. “खोकता? आणि आत यायचं म्हणता? एवढी हौस आहे ना, थांबा.” त्यांनी मटारची पाटी आणून त्यांच्यासमोर ठेवली. तो भला माणूस कोट घालून, हात धुऊन, तोंडाला रुमाल बांधून, अंगणात बसून पाटीभर मटार सोलून गेला. आणि खरं सांगू का, पुढे दर महिन्याला यायचा. फोटोवाल्याशिवाय. अशी माणसं बाईंनी बरीच जोडली होती, आणि एकालाही गोड बोलून नव्हे.

या घरात यायच्या आधी बाईंची सारी नोकरी त्याच इस्पितळाच्या लॉन्ड्रीत गेली होती. तळघरात. वरून नळकांड्यातून चादरी खाली यायच्या, बाई त्या धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालून वर पाठवायच्या. त्यात लहान मापाच्या चादरी वेगळ्या असायच्या. त्यांच्यावर कधी सांडलेलं दूध, कधी रंगीत खडूच्या रेघा, कधी उशीला चिकटून आलेले केस, पुष्कळ केस. ज्यांच्या त्या चादरी, त्यांतलं एकही पोर बाईंनी पाहिलेलं नव्हतं. निवृत्त झाल्या तेव्हा संस्थेला घर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. बाई नवऱ्याला म्हणाल्या, “इतकी वर्षं ज्यांच्या चादरी धुतल्या, त्यांची तोंडं तरी बघते.”

नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. दिवसभर टिकटिक ऐकून कान गेले असं तो सांगायचा. बाईंचं म्हणणं, ते कान फक्त बायकोपुरते गेलेत. तो म्हणाला, “जा. तिथं तरी कुणी तुझं ऐकेल.”

आणि ऐकलं हो! घराला बाईंनी असं वळण लावलं की बघत राहावं. रडायचं असेल तर गच्चीवर, स्वयंपाकघरात नाही. तिथं पोरांचं जेवण शिजतं. ‘किती टक्के आशा आहे’ हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे जुनी आई. नवीन आई घरात आली, गोंधळलेली, रात्रंदिवस न झोपलेली, की बाई तिला एका मुरलेल्या आईच्या गळ्यात बांधायच्या. ही जुनी आई तिला सगळं शिकवायची. ताप कसा बघायचा, तोंड आलेल्या पोराला काय भरवायचं, उशीवर केसांचा पुंजका दिसला तर किंचाळायचं नाही, हसून म्हणायचं, चला, कंगव्याचा खर्च वाचला. डॉक्टर सांगतात ते डोक्यात जातं, पण जुनी आई सांगते ते हातात उतरतं. हे बाईंनी कुठं वाचलं नव्हतं. लॉन्ड्रीत नव्या बाईला जुन्या बाईजवळच उभं करायचे, तसंच इथं केलं.

त्या घरात माणसांची नावं गळून पडायची. उरायची ती भिंगरीची आई, पिंट्याचे बाबा.

बाबांवरून आठवलं. बापांचं काय? तर बापांचं काही नाही. बाप म्हणजे बॅगा उचलायला, रांगेत उभं राहायला, औषधं आणायला. ती कामं झाली की ते बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायचे, एकमेकांपासून हातभर अंतर राखून, प्रत्येकजण आपापल्या चपलांकडे बघत. बाईंचं त्यांच्याशी बोलणं म्हणजे “अहो, पाय काढा, फरशी पुसायची आहे.” एवढी शहाणी बाई, पण एवढं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

भिंगरी आली ती बापाच्या खांद्यावरून. चार वर्षांची, पायाला भोवरा. काउंट चांगले असले की व्हरांड्यात गोल गोल फिरायची आणि चक्कर आली की धपकन बसून खो खो हसायची. तिचा बाप एका बेकरीत पीठ मळायचा. मैद्याची पोती उचलून उचलून दंड असे झालेले, पण बोलायला निघाला तर दिवसाकाठी चार वाक्यं. पोरीच्या पोटातली गाठ त्यानंच शोधली होती. आंघोळ घालताना पोटाला साबण लावता लावता बोटं थबकली. पिठातला खडा बोटांना लागतो ना, तसं. त्यानं बायकोला हाक मारली. तिला काही लागेना. गावच्या डॉक्टरलाही आधी लागेना. पण हा हटला नाही, तपासण्या करायलाच लावल्या. गाठ किडनीवर निघाली. त्या बोटांनी पोरीचा जीव वाचायची वाट मोकळी केली, हे सगळ्यांनी मान्य केलेलं होतं.

इस्पितळात आधी औषधं सुरू झाली. गाठ आकसवायची, मग काढायची, असा डॉक्टरांचा बेत. रोज संध्याकाळी बाप पोरीला पलंगावर उताणी निजवायचा आणि चार बोटं अलगद टेकवायचा. बायको विचारायची, “केवढी?” आधी तो म्हणाला मोसंब्याएवढी. मग लिंबाएवढी. मग बोराएवढी. आणि एका संध्याकाळी तो बराच वेळ बोटं फिरवत राहिला, पोरगी गुदगुल्यांनी खिदळत राहिली, आणि तो म्हणाला, “नाही. काही नाही.” नवराबायको दोघंही रडले. गच्चीवर नाही, खोलीतच. बाईंनी तेवढं चालवून घेतलं.

तर हा असा सगळा आनंद, आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. गाठ हाताला लागत नसली तरी आत आहे, किडनीसकट काढायची, दुसरी किडनी उत्तम आहे, एका किडनीवर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, नंतर पुन्हा थोडी औषधं. चित्र दाखवलं. काढून समजावलं. कळलं का, विचारलं. हा म्हणाला, कळलं. आणि खोलीवर येऊन बायकोला म्हणाला, “गाठच नाही तर कापायचं काय? सुंठीवाचून खोकला गेला. आपण घरी जाऊ.”

बायकोनं हे आपल्या जुन्या आईच्या कानात सांगितलं. जुन्या आईनं भाजी चिरता चिरता हवालदारबाईंना सांगितलं. आणि इथं बाईंचा तोल गेला.

जेवायची वेळ. सगळी कुटुंबं लांब टेबलाशी बसलेली. बाई हातात डाव घेऊन बाहेर आल्या आणि बेकरीवाल्यासमोर उभ्या राहिल्या. “काय हो भिंगरीचे बाबा, तुमच्या बोटांना डोळे फुटलेत का? पाव मळता म्हणून डॉक्टर झालात? इतके शिकलेले लोक सांगतात ते खोटं, आणि यांची बोटं खरी! पोरीचा जीव काय उंडा आहे पिठाचा, दाबून बघायला?”

कुणीतरी हसलं. घाबरूनच हसलं असेल, पण हसलं. बेकरीवाल्याचे कान लाल झाले. त्याच्यासमोरचा भात तसाच राहिला. भिंगरीनं त्याची बाही ओढली. “बाबा, मावशी का रागावली? आपण काय केलं?” तो उठला, पोरीला काखेत उचललं, आणि जाता जाता बायकोला म्हणाला, “सामान बांध. उद्या सकाळीच निघायचं.”

उद्या सकाळी भिंगरीनं इस्पितळात भरती व्हायचं होतं.

बाईंना पहिल्यांदा वाटलं, जाईल कुठं, येईल ताळ्यावर. पण दुपारी खोलीवरून जाताना त्यांना दिसलं की भिंगरीची आई खरंच कपड्यांच्या घड्या घालतेय आणि प्रत्येक घडीवर टिपं गळतायत. मग मात्र हात धुवायला लावून वाचवलेली पोरं एका बाजूला, आणि आपल्या जिभेनं घालवलेली एक दुसऱ्या बाजूला, असा हिशेब त्यांना दिसू लागला.

नवराही बाईंबरोबर तिथंच वरच्या खोलीत राहायचा; त्या दिवशी तो दिवाणखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ उघडून बसला होता. बाई त्याच्यासमोर जाऊन मटकन बसल्या आणि सगळं सांगितलं. कान गेलेल्या माणसानं एकूण एक शब्द ऐकला.

“अगं, तू त्याला समजावलंस की झोडपलंस?”

“झोडपल्याशिवाय कळतं का कुणाला?”

“मला कधी कळलं?” तो म्हणाला. मग त्यानं भिंग डोळ्यावरून काढलं. “हे बघ, आता त्याला थांबायचं असलं तरी थांबता यायचं नाही. थांबला तर चारचौघांत ओरडा खाऊन थांबला असं होईल. तू त्याची परत फिरायची वाटच बुजवलीस. आणि एक सांग, आयांना तू जुनी आई देतेस. बापांना काय देतेस? ती पायरी?”

बाईंनी नवऱ्याचं म्हणणं मान्य केलं. हे लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण असं फार वेळा झालेलं नाही.

संध्याकाळी बेकरीवाला पायरीवर बसला होता. बाकीचे बाप आत पोरांना भरवत होते. बाई बाहेर आल्या, गुडघे कडकड वाजवत त्याच्या शेजारी बसल्या. त्यानं मान वळवली नाही.

“ओरडायला आल्या असाल तर राहू द्या, मावशी. आम्ही निघतोच आहोत.”

“नाही. दुपारी बोलले ते चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. एकटं गाठूनही तसं बोलायला नको होतं.”

आता मात्र त्यानं वळून पाहिलं. रस्त्यावरचा दिव्याचा खांब बोलला असता तरी तो इतका चकित झाला नसता. गप्प बसणं त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. समोरून सायकली गेल्या, एक कुत्रं येऊन हुंगून गेलं, आणि मग कुठं तो बोलायला लागला.

“मला कळतं हो, मावशी. मी काही अगदीच हा नाही. बेकरीत परात धुताना कोपऱ्यात एवढंसं आंबलेलं पीठ चिकटून राहिलं तर दुसऱ्या दिवशी काय होतं, ते माझ्यापेक्षा कुणाला जास्त कळणार? डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, आणि सकाळी सगळा घाणा फुगून बसतो. डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हाच कळलं.”

“मग?”

“तो कागद आहे ना.” त्यानं तळहात मांडीवर घासले. “ऑपरेशनच्या आधी सही करायचा. त्यांनी वाचून दाखवला. भूल देताना काहीही होऊ शकतं, रक्त जाऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. आणि खाली सही माझी. तिची आई म्हणाली, तुम्हीच करा, माझा हात चालणार नाही. मावशी, घरी नेलं आणि काही झालं तर माणूस म्हणतो देवानं नेलं. पण आत पाठवलं आणि काही झालं तर? माझ्या सहीनं पाठवलं ना? हसत-खेळत असलेली पोर. माझीच बोटं सांगतायत काही नाही म्हणून. आणि मी तिला टेबलावर निजवू? नंतर तिच्या आईला कुठलं तोंड दाखवू?”

त्यानं एका दमात इतकं बोललेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ‘काही होत नाही हो’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. सगळे म्हणतात ते वाक्य. त्यांनी ते गिळलं.

“काही होणार नाही असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “मला काय माहीत? बहुतेक पोरं बरी बाहेर येतात, एवढं मी बघितलंय. आणि दुसरंही बघितलंय. गाठ गेली म्हणून घरी नेलेलं एक पोर होतं. काही महिन्यांनी परत आलं. त्याच्यासाठी खोली मीच उघडली, आणि थोड्याच दिवसांनी मीच बंद केली. त्याच्या बापानं कशावरही सही केलेली नव्हती. पण देवानं नेलं असं त्याला काही म्हणता आलं नाही. तो या इथंच बसायचा, तुम्ही बसलात तिथं.”

बेकरीवाला नकळत थोडा बाजूला सरकला.

तेवढ्यात दार उघडलं आणि भिंगरी आली, कोपरापर्यंत साबणाचा फेस. “मावशी, हात बघ!” बाईंनी चष्मा सरळ करून दोन्ही तळवे नीट तपासले. “पास,” त्या म्हणाल्या. पोरगी स्वतःभोवती एक गिरकी घेऊन आत पळाली आणि बापाच्या शर्टावर फेसाचे शिंतोडे उडाले. अंधार पडायच्या आत बाई उठल्या.

सकाळी बाई खाली आल्या तर दाराशी बॅग उभी. पट्टा आवळलेला, वर भिंगरीचं पांघरूण गुंडाळलेलं. कालचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आडवं पडावं का दारात? क्षणभर खरंच मनात आलं. पण बाप तो होता, पोर त्याची होती. बाईंनी दाराची कडी काढली आणि बाजूला झाल्या.

बेकरीवाला पोरीला घेऊन आला. मागे तिची आई. तो बाईंसमोर थांबला.

“मावशी, चप्पल घाला.”

“मी? कशाला?”

“भरतीला जायचंय. सही करायची आहे.” तो जमिनीकडे बघत होता. “एकट्यानं नाही जमायचं.”

घर उघडल्यापासून बाईंनी सकाळचं दार कधी सोडलं नव्हतं. त्यांनी मागे वळून नवऱ्याला हाक मारली, “अहो, बेसिनपाशी उभे राहा!” आणि निघाल्या. नंतर कळलं की नवरा दिवसभर डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून प्रत्येकाची नखं तपासत होता आणि दारात रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

इस्पितळात एका लहानशा खोलीत टेबल, तीन खुर्च्या, आणि टेबलामागे एक तरुण नर्स. तिनं कागद पुन्हा वाचून दाखवला. भिंगरी आईच्या मांडीवर बसून नर्सच्या पेनाच्या टोपणाशी खेळत होती. बेकरीवाल्यानं पेन हातात घेतलं. पेन कागदावर टेकेना.

नर्स म्हणाली, “सावकाश करा. तुमच्या सहीखाली साक्षीदाराची लागते. ती आमच्यापैकी कुणीतरी करेल.”

“तुमच्यापैकी कशाला?” बाई म्हणाल्या. “मी करते.”

“चालेल की, मावशी. साक्षीदार म्हणजे काय, यांनी सही केलेली तुम्ही बघितलीत, एवढंच.”

“तुमच्या लेखी तेवढंच असेल,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपली खुर्ची बेकरीवाल्याजवळ ओढली. “हे बघा भिंगरीचे बाबा, तुम्ही करा. खाली मी करते. तिला आत पाठवली तर आपण दोघांनी पाठवली. चांगलं झालं तर सगळं पुण्य तुमचं, मला नको. वाईट झालं तर निम्मं माझ्यावर. तिच्या आईनं निम्म्या शिव्या मला द्यायच्या. मला सवय आहे.”

भिंगरीच्या आईनं तोंडावर रुमाल धरला. बेकरीवाला बाईंकडे बघत राहिला. मग त्यानं सही केली, एकेक अक्षर दाबून, कागदाच्या मागे उमटेल अशी. बाईंनी कागद ओढला आणि तिच्याखाली आपली सही केली. मोठी, वाकडी, लॉन्ड्रीच्या पगाराच्या दिवशी करायच्या तशी.

“नातं काय लिहू?” नर्सनं विचारलं.

बाईंनी तोंड उघडायच्या आत बेकरीवालाच म्हणाला, “थोरली बहीण. माझी.”

बाई चष्मा पुसायला लागल्या. पुसायला जरा जास्तच वेळ लागला, आणि लागू दे, त्यात लाजायचं काय?

ऑपरेशन पार पडलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, “छान झालं, झोपली आहे.” बेकरीवाला भिंतीला पाठ टेकून खाली घसरत घसरत फरशीवर बसला आणि मोठ्यानं रडला. बाई त्याला गच्चीवर जा म्हणाल्या नाहीत. काही दिवसांनी काढलेल्या किडनीचा रिपोर्ट आला. दोन-तीन ठिकाणी रोग अजून जिवंत होता. बारीक, बोटाला कधीच लागला नसता असा. त्या संध्याकाळी तो पायरीवर सगळ्या बापांमध्ये बसला आणि कुणी न विचारता म्हणाला, “माझी बोटं काही नाही म्हणत होती. आत होतं. मी घेऊन जाणार होतो तिला.” हातभर अंतरावर बसलेला एक बाप सरकून जवळ आला.

त्यानंतर त्या घरात दोन गोष्टी बदलल्या. पायरीशेजारी एक बाक आलं, आणि नव्या बापाला जुना बाप मिळायला लागला. पहिला जुना बाप कोण झाला ते सांगायला नकोच. दुसरी गोष्ट अशी की ज्याचा हात पेनाशी अडायचा, त्याच्याबरोबर हवालदारबाई जायच्या. खुर्ची जवळ ओढायची, तेच बोलायचं, निम्मं माझ्यावर, आणि खाली सही करायची. लोकांना वाटायचं, धीर द्यायची ही बाईंची एक पद्धत आहे. धीराचे शब्द काय, कुणीही बोलतं.

मग एक पोर बाहेर आलंच नाही.

इस्पितळातून बातमी आली. त्याचे आईबाप सामान न्यायला आले. बाप दारातच थांबला. आई सरळ आत आली, बाईंसमोर उभी राहिली, आणि तिच्या तोंडून जे सुटलं ते इथं लिहिता येणार नाही. तुम्ही पाठवलंत त्याला. तुमची सही आहे. तुमच्या नादी लागलो आम्ही. ती ओरडत होती, मुठी आवळून बाईंच्या खांद्यांवर मारत होती. दोघी जुन्या आया धावल्या तिला धरायला. बेकरीवाला भिंगरीला तपासणीला घेऊन आला होता, तोही मध्ये पडला.

“कुणी हात लावू नका तिला,” बाई म्हणाल्या. “बोलू द्या. माझ्या वाटणीचं आहे ते.”

त्या उभ्या राहिल्या. चष्मा खाली पडला तो उचलला नाही. ‘डॉक्टरांनी सांगितलं होतं’ म्हणाल्या नाहीत, ‘दैव’ म्हणाल्या नाहीत, ‘मी फक्त साक्षीदार’ हे तर नाहीच नाही. ती बिचारी बोलून बोलून थकली, तिचा आवाज गेला, आणि ज्या खांद्यावर मारत होती त्याच खांद्यावर तिनं डोकं टाकलं. मग दारातला बाप आत आला आणि त्या दोघींजवळ उभा राहिला. बायकोकडे बघायची त्याला भीती वाटत नव्हती, एवढं सगळ्यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी आणखी एका मुलाची भरती होती. त्याचा बाप सकाळपासून बेसिनच्या आसपास घुटमळत होता. आदल्या दिवशीचं सगळं त्यानं पाहिलं होतं, आता विचारणार कुठल्या तोंडानं? बाईंचा एक खांदा दुखत होता, हात वर जात नव्हता. त्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

“काय उभे राहिलात? चला,” त्या म्हणाल्या. “सही उजव्याच हातानं करायची असते, आणि माझा उजवा चांगला आहे.”